स्प्रिंगची उसळी

फार वर्षांपूर्वी एका आगगाडीच्या डब्याखाली, चाकांच्या लोखंडी सांगाड्यात, एक स्प्रिंग आणि एक डँपर, म्हणजे हादरे शमवणारं तेलाचं नळकांडं, शेजारी राहत होते. रुळांचे हादरे स्प्रिंग झेलायची आणि तिची उसळी डँपर आवरायचा. आवरता आवरता त्याच्या पोटातलं तेल तापायचं, पण कौतुक व्हायचं ते स्प्रिंगचंच.

एके दिवशी स्प्रिंगने म्हाताऱ्या सांगाड्याकडे तक्रार केली, "आजोबा, हा मला मोकळं उसळूच देत नाही."

"सोड रे तिला," सांगाडा डँपरला म्हणाला. "उगाच कशाला जाच करतोस?"

इतकी वर्षं राबलो, त्याला हे जाच म्हणतात. डँपर संतापला आणि त्याने स्प्रिंगला सोडून दिलं.

पुढच्याच वळणावर ती उसळली. रुळांच्या प्रत्येक धक्क्यासरशी उसळी वाढत गेली; दुसरी पहिलीहून मोठी, तिसरी त्याहून मोठी. वर डब्यात मुलं रडू लागली, एक चाक रुळावरून सुटू पाहू लागलं.

"धर मला, मला थांबता येत नाहीये," स्प्रिंग कळवळली.

डँपरचा राग गेला नव्हता, तरी त्याने तिला घट्ट धरलं. डबा स्थिरावला.

"शाब्बास," सांगाडा म्हणाला.

"शाबासकी राहू द्या," डँपर म्हणाला. "ज्याचं काम तुम्हाला कळत नाही, त्याला ते सोडायला सांगू नका. वर माणसं बसलेली असतात."