पहिली पेज

समुद्राकाठच्या एका ख्रिस्ती पाड्यात जाळी विणून पोट भरणारी एक बाई राहायची. कोलेत तिचं नाव. वर्षापूर्वी तापात तिची एकुलती एक लेक गेली आणि बाई दमली. कामाने नाही हो, जगण्यानेच दमली. उठायचं, चूल पेटवायची, जाळं मांडीवर घ्यायचं. सगळं व्हायचं, पण कशातच जीव नव्हता.

लेकीच्या मयताला सगळा पाडा लोटला होता. तेव्हा पलीकडच्या आळीतली नाताल, नवरा-मुलांच्या भरल्या घरातली बाई, पदर सावरत म्हणाली होती, "देवाची मर्जी गं बाई. रडून काय उपयोग?" ते वाक्य कोलेतच्या घशात माशाच्या काट्यासारखं रुतलं. तिचं रडूच आटलं. ती रविवारी चर्चमध्ये जाईनाशी झाली. दारात कोणी आलं, की "कामात आहे" म्हणून पाठ फिरवायची.

आता त्या पाड्याची एक रीत होती. मयताच्या घरी चूल पेटत नसे. तिथे पहिली पेज न्यायची, ती त्याआधी सगळ्यात शेवटी ज्या घरातलं माणूस गेलं असेल त्या घराने. ती येईपर्यंत कोणी अन्नाला शिवायचं नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, असं जुनी माणसं म्हणत.

आणि एका सकाळी होडी परतली, ती नातालच्या नवऱ्याचं प्रेत घेऊन. कोलेतच्या लेकीनंतर पाड्यातलं हे पहिलंच मयत.

कोलेतच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की बरं झालं, आता कळेल! लगेच स्वतःचीच लाज वाटली. पण ती जागची हलली नाही. दुपार टळली तरी चुलीवर पातेलं चढलं नाही.

शेवटी शेजारची म्हातारी काठी टेकत आली. "अगं, तिची पोरं सकाळपासून उपाशी आहेत. पेज कुठाय?"

"सांगा त्यांना, देवाची मर्जी," कोलेत म्हणाली.

म्हातारी उंबऱ्यावर मटकन बसली. "चार वेळा वाहिलंय मी ते पातेलं. पहिल्या वेळी मीही अशीच फणफणले होते. फादर सांगतात, दुःखात देव जवळ येतो. येत असेल बाई! पण आपण दाराला कडी घालून बसलो, तर त्याने काय कौलं काढून आत यायचं?"

कोलेत उठली आणि तिने तांदूळ धुतले. मनात मात्र ठरवलं होतं, पेज नेते, पण तिचं वाक्य तिलाच ऐकवून येते.

नाताल भिंतीला टेकून बसली होती. दोन्ही पोरं तिला बिलगलेली. कोलेतला बघून तिने मान वर केली.

"आलीस? मला वाटलं, नाही येणार," ती म्हणाली. "तुझ्या लेकीच्या वेळी मी काय बोलले, ते सकाळपासून आठवतंय गं. मला काहीच कळलं नव्हतं. म्हण, आता तू मला तेच म्हण."

वाक्य ओठांवर होतं. वर्षभर धार लावून ठेवलेलं. कोलेतने नातालच्या डोळ्यांत पाहिलं. तिथे तोच थकवा होता, जो ती वर्षभर एकटी वाहत होती. अरे देवा, हिलाही आता रोज उठावं लागणार!

"आधी पोरांना वाढूया," कोलेत म्हणाली.

पोरांनी वाट्या चाटूनपुसून संपवल्या. मग ती नातालच्या शेजारी जमिनीवरच बसली आणि म्हणाली, "मी अजून रोज सकाळी तिला हाक मारते गं." एवढं बोलली आणि तिला रडू फुटलं. वर्षभरात पहिल्यांदा ती पोटभर रडली. नातालही रडली. रडू नको असं दोघींपैकी कोणीच म्हणालं नाही.

बऱ्याच वेळाने नातालने विचारलं, "तू कधी जेवलीस?"

कोलेतला आठवेना. मग दोघींनी एकाच ताटलीत उरलेली पेज घेतली. ती गार झाली होती आणि घाईत तिच्यात मीठ घालायचं राहून गेलं होतं. तरी दोघींनी ती शेवटच्या घोटापर्यंत संपवली.

तात्पर्य: दुःख कोणाला चुकलेलं नाही, पण नुसत्या दुःखाने कोणी मोठंही होत नाही. ते उराशी कवटाळून बसलं तर काळजाचा दगड होतो. तेच घेऊन दुसऱ्याच्या दुःखापाशी जाऊन बसलं, तर त्या काळजात देवालाही जागा होते.