नावेचं उपरणं

एका गावात एक नाव होती, आणि गावात जितकी घरं, तितके त्या नावेच्या फळ्यांमध्ये सांधे होते.

म्हणजे तशी वाटणी गावकऱ्यांनीच करून घेतली होती. पाटलांचा सांधा पुढे टोकाशी, कुंभारांचा त्यामागे, आणि तेल्यांचा अगदी तळाशी. तळाशी वाकून वाकून कंबर मोडते म्हणून तेली दरवर्षी कुरकुरत. नदी चढायच्या आधी एक दिवस नावाडी नाव काठावर उपडी घाली. घरटी एक माणूस येई, आपल्या सांध्यातला कुजका कापूस उकरून काढी, नवा ठोकून बसवी आणि वरून राळ-तेलाचं लुकण लिंपी. हात काळे होत, कपड्यांचा सत्यानाश होई, पण नाव वर्षभर कोरडी चाले.

एका वर्षी गावात एक व्यापारी आला. त्याच्या गाठोड्यात निळीशार उपरणी होती, आणि प्रत्येकावर पांढऱ्या दोऱ्याने काढलेली नाव.

"एक उपरणं घ्या, नावेला हातभार लावा!" तो ओरडे. "अंगाला शोभा, पदरी पुण्य!"

दोन दिवसांत गाठोडं रिकामं झालं. ज्याच्या खांद्यावर उपरणं नाही त्याच्याकडे लोक असे बघत, जणू त्यानेच नाव बुडवली होती. व्यापाऱ्याने नावेला काहीच दिलं नाही असंही नाही. मडकंभर निळा रंग दिला. तो लावल्यावर नाव अशी सजली की लोक काठावर थांबून म्हणू लागले, "वा! नवीकोरी झाली की!"

मग हात काळे करायचा दिवस आला तसा गेला. कोणी मुद्दाम टाळला नाही. प्रत्येकाला वाटलं, आपलं तर झालंय.

त्याच सुमारास तेल्यांच्या घरी नवी सून आली. नव्या सुनेने फार बोलायचं नसतं, त्यामुळे तिला बघायला वेळ भरपूर मिळतो. हिने सासरच्या घरात काय काय आहे ते बघितलं, आणि सगळ्यात जास्त बघितलं ते नणंदेकडे. नणंद पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. दिवस भरत आले होते. पलीकडच्या काठावरची सुईण तिला तपासून गेली होती आणि जाताना सासूला म्हणाली होती, "बाळ आडवं आहे. कळा सुरू झाल्या की मला लगेच आणा. मी येईपर्यंत कोणी हात लावू नका."

एका सकाळी सून धुणं घेऊन नदीवर गेली. बघते तर नावाडी नावेत बसून करवंटीने पाणी उपसत होता. त्याच्याही खांद्यावर निळं उपरणं होतं.

"बाबा, एवढं पाणी कुठून आलं हो?" तिने विचारलं.

"कुठून येणार? खालून," नावाडी म्हणाला. "रंग छान बसलाय. पण पाणी काय रंग बघून परत जातं होय?"

"मग गावाला सांगितलं नाही का?"

नावाडी ओशाळला. "कोणत्या तोंडानं सांगू, पोरी? सगळ्यांनी माझ्या नावेसाठी उपरणी घेतली. आता वर परत हात लावा म्हटलं, तर म्हणतील याला किती दिलं तरी कमीच. मी स्वतःसुद्धा एक घेतलं. न घेऊन कसं चालेल? माझीच नाव."

सुनेला हसू आलं, पण ते ओठातच राहिलं. तिने विचारलं, "आमचा सांधा कुठला?"

नावाड्याने तळाकडे बोट दाखवलं. तिथूनच पाण्याची बारीक धार वर येत होती.

"आणि नदी चढल्यावर?"

"चढल्यावर अर्ध्यात जाईन मी. पुढचं देवाला ठाऊक."

सून धुणं तसंच घेऊन परत निघाली. वाटेत बाजारात व्यापारी भेटला. दुसरं गाठोडं सोडत होता. तिने पदर सावरला आणि हळूच विचारलं, "दादा, नावेला अजून काय देणार आहात?"

"उरलं तर देईन की, ताई," व्यापारी गोड हसला. "मी कधी नाही म्हटलं? पण रंग महाग पडला, दोरा महाग पडला. अजून थोडी उपरणी खपू देत."

घरी येऊन तिने सगळं सासूला सांगितलं. सासू भाकरी थापत होती.

"अगं, आपण तीन घेतलीत. तुझ्या सासऱ्यांना, नवऱ्याला आणि जावईबापूंना. तीन! पाटलांनीसुद्धा दोनच घेतली."

"हो, आत्याबाई. पण आपल्या सांध्यातून पाणी येतंय."

"दुसऱ्या कोणाच्या येत असेल."

"आपल्याच. मी बघून आले."

"आल्याआल्या नदीकाठी गप्पा मारायला बरं सुचतं तुला!" सासूने भाकरी तव्यावर आपटली.

सुनेने नवऱ्याचं उपरणं उचललं आणि परत नदीवर गेली. नावेसाठी घेतलेलं कापड नावेतच जाऊ दे, असा तिचा साधा विचार. पण नावाड्याने उपरण्याचं टोक चिमटीत धरून चोळलं आणि मान हलवली.

"यात नुसती खळ आहे गं. धुतलं की गाळणं होईल. सांध्यात पिंजलेला चांगला कापूसच लागतो."

चांगला कापूस घरात एकाच ठिकाणी होता. तिच्या आईने रुखवतात दिलेल्या उशीत. उशीच्या अभ्र्यावर आईने स्वतः दोन पोपट भरले होते, आणि त्यातल्या एकाची चोच जरा वाकडी झाली होती. सुनेने अभ्रा काढून घडी घालून ठेवला, उशी काखेत मारली, कोनाड्यातून तेलाचं भांडं घेतलं आणि सगळ्या गावादेखत नदीवर निघाली.

नावाड्याने आपल्याकडची राळ आणि हातोडी दिली आणि नाव उपडी घातली. सून तळाशी वाकून कापूस ठोकायला लागली. बायका पाण्याला आल्या त्या तिथेच थबकल्या.

"काय गं, तेल्यांनी सुनेला पहिल्याच महिन्यात नावेला जुंपली?" एकीने विचारलं. "घरात माणसं नाहीत का?"

ही बातमी सुनेच्या आधी घरी पोचली. थोड्याच वेळात सासू तरातरा आली. सून उभी राहिली. हात कोपरापर्यंत काळे, नवं लुगडं राळेने भरलेलं. आता बोलणी बसणार, असं तिला वाटलं.

सासूने नावेकडे बघितलं. मग बोटाने सांध्यातला कुजका कापूस उकरला. तो चिखलासारखा हातात आला. तिचा चेहरा उतरला.

"याच्यातून सुईण आणणार होतो आपण," ती पुटपुटली. मग बायकांकडे वळून कडाडली, "बघत काय उभ्या राहिल्यात? तुमच्या घरचे सांधे काय कोरडे आहेत? खाली वाकून बघा की जरा!"

बायका वाकल्या. बघितलं. आणि घराकडे पळाल्या.

दुपारपर्यंत काठावर अख्खा गाव जमला. कोणी गादी उसवून आणली, कोणी राळ, कोणी हातोडी. पाटील स्वतः उकिडवे बसले. काम अडतं म्हणून उपरणी एकेक करून खांद्यावरून उतरली आणि झाडाच्या फांदीवर जाऊन बसली. संध्याकाळी सगळ्यांचे हात सारखेच काळे होते.

पाचव्या दिवशी नदी चढली, आणि त्याच सकाळी नणंदेला कळा सुरू झाल्या. नावाडी निघाला. सून काठावर उभी राहिली. गढूळ पाण्यात नाव खाली गेली की ती टाचा उंचावून बघे, वर आली की टाचा टेके. पलीकडे एक ठिपका नावेत चढला. नाव परत फिरली. मधल्या धारेत ती गर्रकन वळली, पण नावाड्याने ती सावरली.

नाव काठाला लागली. सुईण पिशवी घेऊन उतरली आणि कुरकुरली, "अशी काय बघतेस गं? पाऊलसुद्धा भिजलं नाही माझं. चल, पाणी तापव!"

उन्हं डोक्यावर आली तेव्हा खोलीतून रडण्याचा आवाज आला. आधी बारीक, मग चांगला खणखणीत. सुईणीने दार उघडलं.

"मुलगी. दोघी सुखरूप."

सासू उंबऱ्यावर मटकन बसली. तिने सुनेचा हात धरला. नखांतली राळ अजून निघाली नव्हती. ना हिची, ना तिची.

तेव्हा कुठे सुनेच्या लक्षात आलं, की सकाळपासून घरात कोणीच जेवलेलं नाही. तिने चुलीवर भाताचं आधण ठेवलं, आणि नावाड्यासाठी दोन मुठी तांदूळ जास्त घेतले.

तात्पर्य: खांद्यावरचं उपरणं शोभतं ते आपल्याला. नावेला काय मिळालं, ते नावेत वाकूनच बघावं लागतं.