नाक्याच्या दगडापाशी थांबणारा बैल

पूर्वी शंखपूर नगरात भद्रसेन राजाचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्व बैलाच्या जन्माला आले होते. मोठ्या घरचा बैल नव्हे हो. कुंभारवाड्यातल्या सोमा नावाच्या विधवेचा. रंगाने पांढरा, म्हणून ती त्याला ढवळ्या म्हणे. त्याच्या पाठीवर जाळीत मडकी बांधून ती पूर्वेच्या वेशीतून बाजाराला जाई.

वेशीत एक दगड होता. तिथे थांबायचे, ओझे उघडे करायचे, दहा मडक्यांतले एक राजाचा कर म्हणून द्यायचे आणि मग पुढे जायचे. ढवळ्याला हे इतके अंगवळणी पडले होते की दगड आला की तो आपणच थांबे.

नाकेदाराचे नाव पिंगल. हा माणूस लाचखाऊ नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्हांला त्याचा राग येणार आहे. त्याने कधी कुणाची कवडी खाल्ली नाही. सख्ख्या मेहुण्याची पाटी असली तरी तो मोजून घेई. "पिंगल म्हणजे धुतल्या तांदळासारखा माणूस," असे लोक म्हणत आणि ते ऐकायला त्याला फार गोड वाटे.

त्याच वेशीतून श्रेष्ठी यशदत्ताच्या झाकलेल्या गाड्याही येत. त्या दिसल्या की पिंगल बाजूला सरून कमरेत वाके. राजाच्या आजोबांच्या वेळी नगराला वेढा पडला होता, तेव्हा यशदत्ताच्या आजोबांनी तट बांधायला सोने दिले होते. त्या वेळच्या राजाने भर वेशीत त्यांच्या गाडीला नमस्कार केला. तेव्हापासून नाकेदाराने वाकायची रीत पडली. कर माफ केला असे कुणी म्हटले नव्हते. पण वाकलेल्या माणसाला गाडीत काय आहे ते दिसत नाही. तीन पिढ्या आंधळं दळत होतं आणि कुत्रं पीठ खात होतं.

एका वर्षी तलावाचा बांध फुटला. दुरुस्तीला कोठारात काही नाही, म्हणून राजाने कर वाढवला. वाढवणार कुठे? जिथे माणसे थांबत होती तिथेच. दहातले एक मडके जायचे, तिथे आता तीन जाऊ लागली. सोमाला भट्टीचे सरपणही परवडेना. शेवटी तिने ढवळ्या विकला, आणि घेतला तो यशदत्तानेच. आता ती दहा मडक्यांची पाटी डोक्यावर घेऊन येई. पिंगल तिच्याकडे न बघता तीन मडकी उचलून नाक्यामागच्या ढिगावर ठेवी. लिलाव होईपर्यंत त्यातली निम्मी फुटत.

यशदत्ताने ढवळ्याला पवळ्या नावाच्या आपल्या बैलाशेजारी जुंपले. पहिल्याच दिवशी गाडी वेशीत आली आणि ढवळ्या दगडापाशी थांबला. पिंगल वाकलेला होता, त्याला चाके थांबलेली दिसली. धावत जाऊन त्याने शिंगाला धरून बैल पुढे ओढला, वर गाडीवानाची माफीही मागितली. आहे की नाही कमाल! दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पवळ्याही थांबला.

पाटीवाल्यांच्या रांगेत खसखस पिकली. कुणीतरी ओरडले, "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला!"

गाडीवानाचे डोके फिरले. त्याने आसूड काढला आणि ढवळ्याला झोडपायला सुरुवात केली. पांढऱ्या पाठीवर लाल वळ उठले, मग रक्त आले. बैल जागचा हलला नाही.

सोमाने पाटी खाली टेकवली आणि ती पुढे धावली. "मारू नको रे बाबा! ओझं दाखवल्याशिवाय पुढं जायचं नाही, अशी त्याला सवय आहे. मीच लावली."

"अगं बाई, ही श्रेष्ठींची गाडी आहे!" गाडीवान ओरडला.

"ते त्याला काय कळतंय? मुका जीव तो. त्याला वाटतं, दगड सगळ्यांनाच असतो."

पिंगलाने बघावे तरी कुठे? मान खाली घालावी, तर खाली तो दगड. वर करावी, तर समोर बैलाचे डोळे. तेव्हा बैल माणसाच्या वाणीने, फक्त त्याला ऐकू जाईल इतक्या हळू, बोलला.

"नाकेदार, या गाडीत किती ओझं आहे ते मी ओढतो म्हणून मला माहीत आहे. तू इतकी वर्षं इथं उभा आहेस. तुला कधी विचारावंसंच वाटलं नाही?"

पिंगलाने पुढे होऊन गाडीचे झाकण वर केले. आत हस्तिदंत होता, चंदन होते, रेशमाचे तागे होते. त्या एका गाडीतला दहावा भाग म्हणजे कुंभारवाड्याच्या साऱ्या वर्षाच्या मडक्यांहून जास्त. त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. आपण प्रामाणिक म्हणून मिरवलो, पण कुणापुढे? पाटीवाल्यांपुढे! गाडी आली की आपला प्रामाणिकपणा कमरेत वाकत होता.

यशदत्त तणतणत राजसभेत गेला. "महाराज, तीन पिढ्यांची रीत या नाकेदाराने मोडली."

पिंगल म्हणाला, "रीत फक्त माझ्या मानेची होती, महाराज. तुमच्या आजोबांनी नमस्कार केला होता, कर सोडला नव्हता. मी नमस्काराच्या आड लपलो. काय शिक्षा करायची ती करा."

बांध फुटला तेव्हा पैसा कुठे आहे हे राजानेही कुणाला विचारले नव्हते. मग त्याने आज्ञा दिली: दगडापाशी सगळ्यांनी थांबायचे, आणि दहा मडक्यांपर्यंत कर नाही. थंडी संपायच्या आत बांध उभा राहिला.

नाक्यामागच्या ढिगातली धड मडकी पिंगलाने वेचून काढली. ती पाटीत भरून, पाटी स्वतःच्या डोक्यावर घेऊन, भर दुपारी सगळ्यांच्या देखत तो कुंभारवाड्यात गेला.

सोमा चाकाशी बसली होती. तिने हातही थांबवला नाही. "ठेव तिथं," ती म्हणाली. "आणि माझा बैल?"

बैल यशदत्ताने रीतसर विकत घेतलेला होता. तो परत देईना आणि मागेल ती किंमत मोजण्याइतके पिंगलाजवळ नव्हते. पुढे ढवळ्या जगला तोवर रोज त्या दगडापाशी थांबे. पिंगल झाकण उचली, कर घेई, आणि बैलाच्या पाठीवरचे वण बघून रोज नव्याने खाली बघे.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, जेतवनात सांगितली. विहारात भोजन वाटणारा उत्तर नावाचा भिक्खू तेव्हा नव्या, गरीब घरच्या भिक्खूंना पळीने मोजून वाढी. मोठ्या कुळातून आलेल्यांपुढे मात्र भांडेच सरकवी. त्यांच्या पात्रात कसे डोकावायचे, असे त्याला वाटे.

कथा संपवून शास्ते म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे हा आनंद. सोमा म्हणजे आपल्या संघातली उत्पलवर्णा. बैल मी होतो."

नाकेदार कोण, ते मात्र त्यांनी सांगितले नाही. मग मागच्या रांगेत उत्तर उठून उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

"भन्ते," तो म्हणाला, "नाकेदार मी होतो. आजही तोच आहे."

शास्ते त्याला म्हणाले, "बस, उत्तरा. ही जी तुला वाटते आहे ना, तिचं नाव लाज. तिला जप. ती आहे तोवर माणूस सुधारतो, राज्यही सुधारतं. त्या जन्मी तुला ती वाटावी म्हणून मला आसूड खावा लागला. या खेपेला तुला शब्दाचा मार पुरला."