पाचव्यांदा बिघडलेली गाडी

एकदा एका भांड्यांच्या व्यापाऱ्याची डिझेल गाडी चार महिन्यांत पाचव्यांदा बिघडली. तक्रार दर वेळी तीच. समोर पिवळा दिवा लागायचा, इंजिनाची ओढ जायची आणि चढावर गाडी अशी कण्हायची की मागच्या रिक्षावाल्यालाही तिची दया यावी. व्यापाऱ्याची पत्नी जाऊन तेव्हा चौदा महिने झाले होते. मूलबाळ नव्हते. घर ते दुकान सव्वा किलोमीटर आणि दुकान ते घर सव्वा किलोमीटर, एवढाच प्रवास त्याच्या आयुष्यात उरला होता.

शहराच्या टोकाला एका वृद्ध मिस्त्रीचे गॅरेज होते. अभियांत्रिकीची पदवी घेतलेला एक तरुण त्याच्याकडे शिष्य म्हणून राहिला होता. शिकलेल्या माणसाला दोष काढण्यापेक्षा दोषाची नोंद पुसण्याची घाई फार. मी स्वतः त्यातलाच, म्हणून खात्रीने सांगतो. शिष्याने पहिल्या खेपेला यंत्र जोडून नुसता दिवा घालवला. पुढे एकदा सेन्सर बदलला, मग धुराच्या वाटेवरचा व्हॉल्व्ह साफ केला, तोही दोनदा. आठ-पंधरा दिवस बरे जायचे आणि गाडी पुन्हा दारात हजर.

पाचव्या वेळी शिष्य वैतागला. "शेठ, काजळी अडवणारा हा फिल्टरच काढून टाकू. धूर निघेल थोडा, पण कटकट मिटेल. नाहीतर सरळ विकून टाका."

"विकतोच आता," व्यापारी म्हणाला. "तिनं पसंत केलेली गाडी. आता शेजारी बसायला आहे कोण?"

"आणि तो थोडा धूर जाणार कुणाच्या नाकात?" मिस्त्रीने शिष्याला विचारले. शिष्य ओशाळला.

तेवढ्यात व्यापाऱ्याचा फोन वाजला. सत्तर किलोमीटरवरच्या गावाहून त्याची थोरली बहीण बोलत होती. "काय सांगू अक्का, गाडी परत बसली की," तो म्हणाला. "नको, एसटीनं नाही जमायचं मला. पुढच्या महिन्यात बघू." फोन ठेवून तो कुणी न विचारताच म्हणाला, "दुखवटा काढायला बोलावती सारखी."

घरात मृत्यू झाला की आप्तांनी त्या माणसाला आपल्याकडे न्यावे, जेवू घालावे, नवे वस्त्र द्यावे आणि शोक तिथे उतरवून ठेवावा, ही आपली रीत. अक्का चौदा महिने ताट वाढण्यासाठी त्याची वाट पाहत होती.

मिस्त्रीने यंत्र जोडून फिल्टरमध्ये काजळी किती साठली आहे ते पाहिले. अजून वेळ गेलेली नव्हती. मग त्याने बॉनेट न उघडताच हात पुसले, गॅरेजला कुलूप लावले आणि तो गाडीत व्यापाऱ्याच्या शेजारी जाऊन बसला. शिष्याला त्याने मागे बसायची खूण केली.

"हायवेला घ्या," तो म्हणाला. "वरच्या गिअरला लगेच टाकू नका, आणि मी सांगेपर्यंत थांबू नका."

चाळीस मिनिटे गाडी धावत राहिली. उसाचे फड मागे पडले, एक टोलनाका गेला. हळूहळू गाडीचे कण्हणे कमी झाले आणि तिला ओढ आली. मग तो पिवळा दिवा आपसूक विझला. शिष्य मागून वाकून पाहत राहिला.

"झालं की!" व्यापारी म्हणाला. "फिरवू आता माघारी?"

मिस्त्री शांतपणे म्हणाला, "शेठ, डिझेल जळलं की काजळी होणारच. तो काही इंजिनाचा गुन्हा नाही. गाडी लांब धावली, चांगली तापली, की ती काजळी तिथल्या तिथं जळून जाती. तुमची गाडी तापायच्या आत घरी पोचती. गाडी बिघडली म्हणून तुम्ही अक्काकडं जात नाही, आणि कुठंच जात नाही म्हणून गाडी बिघडती. ह्याला मी कुठला पाना लावू?"

व्यापाऱ्याने गाडी कडेला घेतली. "तिथं जेवलो, की ही गेली हे नक्की होईल हो," तो म्हणाला आणि रडू लागला.

"त्या गेल्याच आहेत, शेठ. अक्का अजून आहेत."

मिस्त्री खाली उतरला. शिष्यालाही त्याने उतरवले. हाच रस्ता पुढे अक्काच्या गावाला जात होता. समोर एसटीचा थांबा होता.

"मी तिला नाही म्हणून सांगितलंय," व्यापारी काचेतून म्हणाला.

"मग आता सांगा, झाली दुरुस्त."

गाडी पुढे गेली. दोघे पलीकडे जाऊन परतीच्या थांब्यावर बसले आणि रस्त्याकडे डोळे लावून राहिले. चार किलोमीटरवर वळायला जागा होती. माघारी यायचा असता, तर व्यापारी त्यांच्यासमोरूनच गेला असता. एक एसटी आली, ती त्यांनी सोडली. दुसरीही सोडली. गाडी काही आली नाही.

शिष्याला आनंद झाला, आणि त्याच वेळी काहीतरी टोचलेही. मिस्त्रीची बायको नऊ वर्षांपूर्वी वारली, हे त्याला ऐकून माहीत होते. गॅरेजला मात्र तेव्हापासून एकही सुटी नव्हती.

"उस्ताद, तुमचा दुखवटा कुणी काढला?"

"काढायला होतं कोण?" मिस्त्री रस्त्याकडे बघतच म्हणाला.

"आज आमच्याकडं चला. आई घरी आहे. भाकरी-आमटी असंल."

"आज? गॅरेज बंद ठेवून कसं चालंल? कुणाची गाडी बिघडली तर?"

शिष्याने व्यापाऱ्याची गाडी गेली त्या दिशेकडे पाहिले. आपण काय बोलून बसलो, हे मिस्त्रीला त्या पाहण्यातूनच कळले. त्याने डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवली, आणि बराच वेळ तो तिच्यावरचा तेलाचा डाग अंगठ्याने घासत राहिला.

तिसरी एसटी समोर येऊन थांबली, तेव्हा तो उठला. "आईला फोन कर," तो म्हणाला, "तिखट जरा कमी घाला म्हणावं."