चक्रवाकाचा घास

एकदा एका नदीकाठी एक वृद्ध सत्पुरुष राहत असत. हिवाळा आला की तिथे दूरदेशीचे पक्षी उतरत, आणि त्यांच्यासाठी तो काठ अभयारण्य म्हणून राखलेला होता. या बाबांकडे सगुणा नावाची एक गृहिणी पोथीचा अर्थ समजून घ्यायला येई. तिचा एकुलता एक मुलगा कामासाठी परमुलखात गेला होता आणि बरेच दिवस त्याची खुशाली कळली नव्हती. म्हणून तिने मार्गशीर्षात व्रत धरले. सकाळी उपाशीपोटी घाटावर जायचे, भिजवलेल्या हरभराडाळीला हळद लावून ती ओंजळीत धरायची. पाहुण्या पक्ष्याने हातातून घास घेतला की व्रत सुफळ, मग लेकाचेही पाऊल घराकडे वळेल, अशी तिची श्रद्धा होती.

चक्रवाक मोठा बुजरा पक्षी. पण डाळीच्या ओढीने त्यांची एक केशरी जोडी पायरीपर्यंत येऊ लागली. घास आता घेणार, तोच मागून टाळी वाजली. जोडी उडाली. वळून पाहते तो बाबा. सगुणाला वाटले, चुकून झाले असेल. पण दुसऱ्या दिवशी बाबा थाळी वाजवतच आले.

मग तिच्या मनात पाल चुकचुकली. बाबा पहाटे रिकामी झोळी घेऊन लव्हाळ्यात जात, परतताना ती भरलेली असे, ओली असे. झोपडीमागे काहीतरी जळाल्याचा उग्र वास येई. एकदा त्यांच्या धोतराला केशरी पीस चिकटलेले तिने पाहिले. झोळीत काय आहे, असे विचारले तर म्हणाले, वेळ आली की दाखवीन. पैलतीरी नाव घेऊन जाणारी चंद्रभागाबाई तर तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "अगं, पाखरं घाटावरनं हुसकायची न् लव्हाळ्यात धरायची. व्रत तुझं, फळ म्हाताऱ्याच्या हंडीत."

सगुणाने कानांवर हात ठेवले खरे, पण त्या दिवशी पोथीतले एक अक्षर तिच्या डोक्यात शिरले नाही. ज्याच्या पायांवर डोके ठेवले, तोच असा निघाला तर ठेवायचे कुठे?

दुसऱ्या पहाटे ती बाबांच्या मागे गेली. अभयारण्याची हद्द संपते तिथे लव्हाळ्यात बारीक दोऱ्याचे जाळे लावलेले होते आणि बाबा गुडघाभर चिखलात बसून एका चक्रवाकाच्या पायातला दोरा विळ्याने कापत होते. पक्षी सुटला, फडफडला, उडाला. दुसरा मात्र जाळ्यातच मान टाकून पडला होता. जाळ्याखाली डाळ पसरलेली होती. भिजवलेली, हळद लावलेली. अगदी तिच्या ओंजळीतली असावी तशी.

सगुणाने त्यातली चिमूटभर डाळ उचलून पाहिली.

बाबा म्हणाले, "कुणीतरी तुला घाटावर बघून तीच डाळ इथं टाकतंय, बाय. अभयारण्याच्या रखवालदाराला सांगितलं, पण एक जाळं काढलं की दुसरं लागतं. मी ती जाळी झोळीतून नेऊन जाळतो."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुझ्या व्रताला हात लावायचा धीर झाला नाही. म्हणून पक्ष्यांनाच भिववत राहिलो. या काठापुरतं त्यांना अभय आहे, पण वाट फार लांबची. तुझा हात मायेचा आहे, हे पक्ष्याला कळतं. पण पिवळी डाळ धरणारा प्रत्येक हात मायेचा, असंही तो समजून बसतो. त्याचं भय हेच त्याचं कवच आहे. ते आपण काढून घेतलं, तर वाटेत त्याला सांभाळणार कोण?" ते हसले. "माझ्यावर संशय घेतलास, त्याचं वाईट वाटत नाही. डोळ्यांनी पाहायला आलीस, हे फार चांगलं केलंस."

दोघांनी मिळून मेलेल्या पक्ष्याला माती दिली.

सगुणा घाटावर परतली. ओच्यातली डाळ तिने काढलीच नव्हती, तरी सवयीने एक चक्रवाक पाण्यातून वर आला. पायरी चढला. तिच्या रिकाम्या हाताकडे मान वाकडी करून पाहू लागला. इतक्या जवळ तो कधीच आला नव्हता. तिने डोळे मिटले, लेकाचे नाव घेतले आणि जोरात टाळी वाजवली.

पंखांचा आवाज दूर गेला.

"व्रत मोडलं का गं?" मागून बाबांनी हळूच विचारले.

"नाही बाबा," ती म्हणाली. "माझा लेक जिथं असेल तिथं, गोड घास धरून परका हात पुढं आला की त्यालाही कुणीतरी अशीच टाळी वाजवून सावध करो. उद्यापन मी आजच करते."