तोडलेल्या वाक्यांचे पक्षी

एका राज्यात, वैशाख शुद्ध चतुर्दशीला, आभाळ दाटून आलं होतं, वारा पडला होता, पान हलत नव्हतं. राजवाड्यात मात्र पंखांची फडफड थांबत नव्हती.

त्या राज्याचा राजा सुमेध रोज पहाटे ध्यानाला बसे, श्वास पाही, दाही दिशांच्या प्राणिमात्रांसाठी सुख मागे. आसनावरून उठला की मात्र कुणाचं बोलणं पुरं ऐकायला त्याला धीर नसे. "कळलं!" म्हणून मध्येच तोडी. एका मांत्रिकाचं गाऱ्हाणं त्यानं असंच तोडलं, तेव्हा मांत्रिकानं शाप दिला, "तू तोडलंस नि तोडशील ते वाक्य पक्षी होईल. ज्याचं सर्वांत जास्त तोडशील, ते माणूसच पक्षी होईल."

त्या सकाळी राणी इरावती चौरंगाला अडखळली.

"जरा बघून चालावं!"

"तेच सांगते आहे महाराज, माझ्या—"

"कळलं!"

राणीची साळुंकी झाली.

राजा धावत टेकडीवरच्या भिक्खुणी उत्पलेकडे गेला.

"उद्या चंद्र उगवला की सारे पक्षी राज्य सोडतील," ती म्हणाली. "त्याआधी तिघांचं पुरं ऐका, म्हणजे शाप उतरेल. स्वयंपाक्याचं, मांत्रिकाचं, राणीचं. पण ऐकताना—"

"ऐकतो! ध्यान तर रोजच करतो."

भुर्रकन एक चिमणी उडाली.

"ही माझी," उत्पला म्हणाली. "उत्तर घशाशी आलं की श्वास अडतो. तो पाहा, एवढंच सांगत होते."

पौर्णिमेला राजा दरबारात जमिनीवर बसला. स्वयंपाक्याच्या तोडलेल्या वाक्याचा कावळा गुडघ्यावर येऊन बोलू लागला. "कारलं आपल्याला आवडत नाही, ठाऊक आहे. वैद्य सांगतात म्हणून करतो. बोलणी मात्र मी खातो." राजाचा श्वास अडला. त्यानं तो पाहिला, सोडला. कावळा नाहीसा झाला.

मग मांत्रिकाची घार आली. "माझ्या आईच्या समाधीवरून आपले घोडे गेले. दंड नको होता. आपण एकदा तिथं यावं, इतकंच." 'मला काय ठाऊक?' हे शब्द जिभेवर आले, विरले. "येईन," राजा म्हणाला. घार नाहीशी झाली.

साळुंकी मात्र बसेना. या खिडकीतून त्या खिडकीत घिरट्या घाली, डावा पंख खांबांवर आपटे. ऊन उतरलं. राजाचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"इरावती, मला क्षमा—"

ती थेट उंबरठ्यावर जाऊन बसली. बाहेर आभाळ निवळत होतं.

आपलं हेही बोलणं मध्येच आलं, हे राजाला उमगलं. त्यानं ओंजळ उघडी धरली. पुष्कळ वेळानं साळुंकी तिच्यात उतरली. मान पार वळवून तिनं उजव्या डोळ्यानं त्याच्याकडे पाहिलं.

"माझ्या डाव्या डोळ्यानं..."

ती थांबली. डोंगरामागे उजेड दिसू लागला. राजानं ती जागा भरली नाही.

"...दिसत नाही. होळीपासून."

चंद्र वर आला. उरलेले पक्षी ज्याच्या त्याच्या ओठी परतले. इरावती राणी राजासमोर उभी होती.

दुसऱ्या दिवशी दोघं मांत्रिकाच्या आईच्या समाधीवर गेली. राणीचा डावा डोळा तसाच राहिला. राजा तिच्या डाव्या बाजूनं चालला.