मोकळी ठेवलेली जागा

"जागा खरंच रिकामी आहे ना, बाई? की माणूस आधीच ठरलाय?"

यशोधन करंबेळकरनं खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं. पीएच.डी. होऊन त्याला दोन महिने झाले होते. विद्यापीठाच्या धातुशास्त्र विभागात पुढच्या संशोधनासाठी एकच जागा निघाली होती. अशा जाहिराती नुसत्या देखाव्याच्या असतात, हे त्यानं कँटीनमध्ये पुष्कळदा ऐकलं होतं.

विभागप्रमुख घैसासबाईंनी सावकाश चष्मा पुसला.

"रिकामी आहे."

त्यांनी त्याचा प्रस्ताव उघडला. खाऱ्या पाण्यात लोखंडी पाइप गंजू नयेत म्हणून त्यानं एक लेप तयार केला होता. त्यात तीन वर्षं गेली होती. बाईंचं बोट एका ओळीवर थांबलं.

"लेप किती अंशांवर भाजायचा, ते लिहिलं नाहीस."

"नेमणुकीचं पत्र हातात पडलं की सांगेन."

"का?"

"राग मानू नका... पण आजकाल कुणाचं काम कुणाच्या नावावर छापून येईल, काही भरवसा नाही."

बाई उठल्या, कपाटातून स्वतःच्या प्रयोगांची जाडजूड वही काढली, त्याच्यापुढे ठेवली आणि पाठ फिरवून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

यशोधनला ते खटकलं. स्वतःची वही कुणी परक्याच्या हातात अशी देतं का? यात नक्की काहीतरी डाव असणार.

तरी त्यानं पानं चाळली. सहाशे ऐंशी अंश, लेप धरलाच नाही. सातशे दहा, तडे. पानामागून पान फसलेलंच... आणि मग त्याचा हात थबकला.

सातशे चाळीस.

हा आकडा त्यानं घरातसुद्धा कुणापाशी उच्चारला नव्हता.

बाईंना कळला कुठून? कुणी फोडला? त्यानं घाईघाईनं तारीख पाहिली. तेव्हा तो दुसरीत होता. शाई पार फिकी पडली होती. आकड्याखाली लिहिलं होतं : 'तेरा दिवस उत्तम. चौदाव्या दिवशी सगळा लेप सोलून निघाला.'

त्यानं स्वतःची चाचणी दहाव्या दिवशीच थांबवली होती.

"हे... तुम्ही छापलं का नाही?"

"कुणीतरी पळवेल, असं वाटायचं."



यशोधननं खिशातलं पेन काढलं. प्रस्तावातल्या कोऱ्या जागेत आकडा लिहिला आणि कागद टेबलावरून पलीकडे सरकवला. त्याचे कान तापले होते.

"आता काही मला घेणार नाही तुम्ही."

"घेणार आहे."

त्यानं संशयानं वर पाहिलं. बाईंच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती.

"मग... कधीपासून येऊ?"

"पंधराव्या दिवसापासून. पहिले चौदा माझ्या वहीत आहेत."